साडेअकरा तासांवरचे शहर

एकाच पेटीतून दोन पिशव्या आल्या. पेटी एकाच विमानातून, एकाच माणसाच्या पायांशी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच तापमानात आली. दोन्ही पिशव्यांत एकाच बाईच्या रक्तातून वेगळ्या काढलेल्या पेशी होत्या. तपासल्यावर पहिल्या पिशवीतल्या दर दहा पेशींपैकी सहा मेलेल्या निघाल्या. दुसऱ्या पिशवीतल्या दहांपैकी नऊ जिवंत होत्या.

ती बाई म्हणजे माझी धाकटी बहीण. वय चाळिशीला टेकले तरी घरात तिला अजून बारकीच म्हणतात. पेशी ज्याच्यासाठी आल्या तो आम्हा दोघींच्या मधला भाऊ. त्याला सगळे भाऊच म्हणतात. फार रागावली की त्याची बायकोसुद्धा.

भाऊला रक्ताचा कर्करोग झाला होता. त्यावरच्या उपचाराची रीत सांगायला सोपी आहे. हाडांतली मज्जा, आजारी आणि निरोगी असा भेद न करता, औषधांनी पार नाहीशी करायची आणि रिकाम्या झालेल्या जागेसाठी जुळणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या मूळपेशी शिरेतून सोडायच्या. त्या हाडांत जाऊन रुजल्या की नवे रक्त तयार होऊ लागते. रुजल्या नाहीत, तर त्या माणसाच्या अंगात रक्त तयार करणारे काहीच उरलेले नसते. माझ्या पेशी त्याच्याशी अर्ध्यामुर्ध्याच जुळल्या. बारकीच्या तंतोतंत जुळल्या.

बारकी मात्र इथे नव्हती. तिच्या शहराचे आणि आमच्या शहराचे अंतर कोणालाही संगणकावर विचारता येते. उत्तरादाखल दोन आकडे मिळतात: नऊ हजार तीनशे किलोमीटर आणि साडेअकरा तास. तिकडे कायमचे राहण्याच्या परवानगीसाठी तिचा पासपोर्ट एका कार्यालयात जमा होता आणि तो परत कधी मिळेल हे तिथला कोणीही सांगायला तयार नव्हता. म्हणून बहिणीऐवजी बहिणीच्या पेशी विमानाने आणायचे ठरले. तसे करतात, त्यात नवलाचे काही नाही. पेटी येऊन पोचली तेव्हा भाऊची स्वतःची मज्जा संपवून झालेली होती.

त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंची खोली अरुंद होती. टेबलावर प्लास्टिकचा पाठीचा कणा उभा केलेला होता आणि त्याच्या आधाराने त्यांनी फोन ठेवला होता. त्या मोजके बोलतात, हे मला आवडते. दोन्ही पिशव्यांतले जे होते ते सगळे देऊन झाले आहे, असे त्यांनी सांगितले. जिवंत पेशींची संख्या मात्र गरजेच्या निम्मीच भरते. रुजतीलही, पण सावकाश, आणि तोवर साधी सर्दीसुद्धा भाऊला झेपणार नाही. म्हणून त्यांना वाट बघत बसायचे नव्हते. बारकीने पुन्हा एकदा पेशी द्याव्यात, आणि लवकर द्याव्यात.

पेशी कशाने मेल्या, असे मी विचारले. लांबचा प्रवास बाधला असेल, असे त्या म्हणाल्या. दुसऱ्या पिशवीनेही तोच प्रवास केला, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिले. त्यांनी मान्य केले. कारण नंतर शोधता येईल, आधी पेशी येऊ देत, असे त्यांचे मत पडले. कारण तेच राहिले तर तिसऱ्या पिशवीचेही तेच होईल आणि मग शोधायला 'नंतर' उरणार नाही, असे मी म्हटले. मग त्यांनी तळघरातल्या प्रयोगशाळेत कोणाला भेटायचे ते सांगितले.

तिथे जाण्याआधी मला बारकीशी बोलायचे होते. ते बोलणे मी समजत होते त्याहून अवघड निघाले.

त्यासाठी सहा वर्षांमागचे थोडे सांगावे लागेल. बाबा गेले तेव्हा बारकीच्या शहरातून इथे थेट विमान नव्हते. दोनदा बदलावे लागे. भाऊ एका बस कंपनीत गाड्यांचे वेळापत्रक बसवतो. कोपऱ्यावरच्या दुकानात जायला किती वेळ लागेल असे विचारले, तरी तो आधी थांबे किती ते विचारतो. त्या दिवशी त्याने विमानांचे तास, मधल्या दोन ठिकाणांची वाट, दोन्ही टोकांचे रस्ते असे सगळे जोडले आणि बारकी दीड दिवसाच्या आत पोचणे शक्य नाही असा निर्वाळा दिला. अंत्यविधी त्याच संध्याकाळी उरकला. बारकी तेव्हा तिकीट काढून विमानतळावर उभी होती. तिथून ती तशीच घरी गेली आणि भाऊशी तिने बोलणे टाकले. पुढची सहा वर्षे दोघांचे निरोप माझ्यामार्फत जात. पेशी जुळल्याचे कळले तेव्हाही तिने होकार दिला तो मला, भाऊला नव्हे.

फोन मी आईच्या स्वयंपाकघरातून केला, कारण आईलाही ऐकायचे होते. साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा केला. आई समोर मटार सोलत बसली. पहिल्या पिशवीतल्या बऱ्याचशा पेशी वाया गेल्या, दुसरीतल्या टिकल्या, आणि आता पुन्हा एकदा द्याव्या लागतील, असे मी शक्य तितके सरळ सांगितले.

बारकीने कुठली पिशवी मेली ते पुन्हा विचारले. पहिली, असे मी परत सांगितले.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "ताई, पहिल्या दिवशी दोन्ही हातांत सुया घालून त्या खुर्चीत बसवलं. नाक खाजलं तरी नर्सला हाक मारायची. तास न् तास दुसरं करणार काय? बाबांचंच आठवत राहिलं. मनात म्हटलं, बघू दे आता त्याला. वाट बघणं काय असतं ते कळू दे."

त्याच संध्याकाळी भाऊने तिला फोन केला होता. सहा वर्षांत पहिल्यांदा. दोघे काय बोलले ते तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच खुर्चीत बसली, तेव्हा इतकी हलकी झाली होती की, आज काय विशेष, असे नर्सने विचारले म्हणे.

"पहिली मेली. दुसरी जगली. आता तूच सांग."

हा योगायोग आहे, असे मी सांगितले. मला सगळे योगायोगच वाटतात, स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही मी हेच म्हणाले असेन, असा टोला तिने दिला. तेवढ्यात आई मटारावरची नजर न काढता बोलली.

"पोटात होतं तेच पिशवीत उतरलं."

आईचा हेतू वाईट नव्हता. तिला जे दिसले ते तिने म्हटले. पाऊस आला, कपडे काढा, म्हणावे तसे. पण साखरेचा डबा फोनच्या अगदी जवळ होता आणि बारकीला ते स्पष्ट ऐकू गेले.

"मी पुन्हा नाही बसणार त्या खुर्चीत," ती शेवटी म्हणाली. "भाऊ बोलला, मला बरं वाटलं, पण सगळं काही विसरले नाही मी. माझं मला माहीत आहे ना. परत तसंच होईल आणि या वेळी तो जाईल. मग आई काय म्हणेल, आणि मी काय करू?"

मी एका दूध संकलन केंद्रात रसायनतज्ज्ञ आहे. दूध कोणी कोणत्या मनाने काढले हे दुधाला कळत नाही, असे मी तिला सांगू शकले असते. ते खरे आहे. पण त्या घडीला बारकीच्या हातात एक निरीक्षण होते: दोन मनःस्थिती, दोन पिशव्या, दोन निकाल. माझ्या हातात केवळ मत होते. निरीक्षणासमोर मत ठेवणाऱ्यांना मी स्वतः बैठकीतून उठवलेले आहे. मी तिच्याकडे आठवड्याची मुदत मागितली. तिने हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही.

एका बाजूला भाऊचा जीव होता, दुसऱ्या बाजूला बारकीची समजूत, आणि दोन्हींची किल्ली एकच होती. पेशी कशाने मेल्या?

पेटी घेऊन येणारे गृहस्थ एका शाळेतले निवृत्त व्यायामशिक्षक होते. नातवंडांशी खेळून कंटाळा आल्यावर त्यांनी हे काम धरले होते. परतीच्या विमानाला अजून अवकाश होता, म्हणून ते एका स्वस्त लॉजच्या दिवाणखान्यात वर्तमानपत्र वाचत बसलेले सापडले. पेटी कुठे उन्हात राहिली का, आदळली का, सुरक्षा तपासणीत कोणी उघडली का, असे मी विचारले. प्रश्न त्यांना लागले.

"बाई," ते म्हणाले, "मी लघवीलासुद्धा पेटी घेऊन गेलो. मागची रांग काय काय बोलली ते तुम्हाला सांगू?"

त्यांच्यावर अविश्वास दाखवायला जागा नव्हती. पेटीत तापमान टिपणारे एक यंत्र असते. त्यावरची रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत सपाट होती. शिवाय ऊन, धक्का, क्ष-किरण यांपैकी काहीही झाले असते तरी ते दोन्ही पिशव्यांना सारखेच झाले असते. दोन्हींना जे सारखे लागू होते ते कारण असू शकत नाही. शोधायचा होता तो फरक.

फरक एक उघड होता. पहिली पिशवी एका दिवसाने जुनी होती. पहिल्या दिवशी दुपारी पेशी काढल्या. विमान दुसऱ्या दिवशी रात्री होते. तोवर पहिली पिशवी तिकडच्या शीतपेटीत राहिली. विमान उद्याच आहे तर आणखी एक फेरी घेऊन टाकू, जास्त झाल्या तर बिघडत नाही, असे म्हणून दुसरी भरली गेली. मी हे डॉक्टरीणबाईंपुढे मांडले. त्यांनी ते ताबडतोब खोडून काढले, आणि नीट खोडून काढले. थंड ठेवलेल्या पेशी तीन दिवस टिकतात. दोन दिवस जुन्या पिशव्या त्यांनी स्वतः कितीदा दिल्या होत्या आणि त्यांत दहांतल्या नऊ जिवंत असत. एका दिवसाच्या वयाने सहा पेशी मरत नाहीत. म्हणजे वय हे कारण नव्हते. निदान एकटे वय नव्हते.

त्या दुपारी भाऊला भेटले. भेटले म्हणजे काचेच्या अलीकडून. पलीकडे तो, मध्ये बोलायचा फोन. डोक्यावर एक केस नाही, ओठ सोललेले, पण बोटांनी चादरीवर काहीतरी मोजत होता. वॉर्डातल्या नर्सच्या फेऱ्यांचे वेळापत्रक चुकीचे बसवले आहे, असे त्याने मला ऐकवले. दोघी एकाच वेळी येतात आणि मग तासभर कोणीच फिरकत नाही. पेशींचे त्याला अर्धेच सांगितलेले होते. बारकीला तो काय म्हणाला, असे मी विचारले.

चादरीवर मोजणारी बोटे त्याने थांबवली.

"मी म्हटलं, माझा हिशेब बरोबर होता. बरोबर होता, आणि तरी थांबायला हवं होतं."

मग श्वास घ्यायला थांबून म्हणाला, "रडली खूप. तिला सांग, आता रडू नकोस, पाणी कमी होईल, त्यांना रक्त काढायला त्रास पडेल." स्वतःच्या विनोदावर तो हसला. हसताना ओठातून रक्त आले आणि ते बराच वेळ थांबले नाही. नर्स धावत आली. मला बाहेर जायला सांगण्यात आले.

तळघरातली प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या आणि तीन शीतकपाटे. तिथल्या तंत्रज्ञ बाई माझ्याच वयाच्या. यंत्रांशी बोलायची त्यांना सवय आहे. मी आत गेले तेव्हा त्या एका फिरत्या यंत्राला, आता पुरे, असे सांगत होत्या. पिशव्या त्यांनीच उघडल्या होत्या. मोजणी त्यांनी तीनदा केली होती, दोनदा स्वतः आणि एकदा दुसऱ्याकडून करवून, तेव्हा मोजणीत चूक असण्याचा प्रश्न निकालात निघाला. मी त्यांना आकडे सोडून द्यायला सांगितले. दोन पिशव्या हातात घेतल्यावर काय वेगळे वाटले, एवढेच विचारले.

त्यांनी थोडा विचार केला. पहिली जड नव्हती, उलट लहान होती. पण तिरकी केली तर आतले पटकन सरकत नव्हते. दुसरी पाण्यासारखी डचमळत होती. पहिलीत पेशींची गर्दी फार होती. थेंबामागे दुसरीच्या चौपट. बारकीच्या अंगातून पहिल्या दिवशी इतक्या पेशी निघाल्या की सगळेच खूश झाले होते. तिकडून तसा आनंदाचा निरोपही आला होता.

गर्दी हा शब्द ऐकल्यावर मी खुर्ची पुढे ओढली. माझ्या केंद्रात रोज टँकर येतात. दूध किती लांबून आले यापेक्षा त्यात जंतू किती होते आणि ते किती वेळ एकत्र राहिले, यावर ते टिकले की नासले हे ठरते. जंतू साखर खातात आणि आम्ल टाकतात. पेशी काही जंतू नव्हेत. पण साखर त्याही खातात, आणि थंडीत सावकाश का होईना, खात राहतात. हवा पुरली नाही की आम्ल टाकतात. तेच आम्ल, ज्याचे मोजमाप करत मी वीस वर्षे पगार घेतला आहे.

पिशव्यांतल्या द्रवातले थोडे तरी शिल्लक आहे का, असे मी विचारले. होते. पिशवी उघडली की त्यातले थोडे घ्यायचे, पेशी काढून टाकायच्या आणि उरलेला द्रव गोठवून ठेवायचा, अशी तिथली पद्धत आहे. म्हणजे पोचल्या क्षणी पिशवीत काय स्थिती होती ते तसेच राखलेले होते. त्यात साखर आणि लॅक्टिक आम्ल मोजण्याची मी विनंती केली. असे कोणी आजवर मागितले नव्हते, असे बाई म्हणाल्या. पण अतिदक्षता विभागातले यंत्र हे दोन्ही मोजते आणि तिथल्या मुलीला त्यांनी एकदा मदत केलेली आहे. त्या दोन नळ्या घेऊन वर गेल्या. मी त्यांच्या स्टुलावर बसून राहिले. शीतकपाटे गुणगुणत होती. आपल्याला हवे तेच उत्तर येईल या अपेक्षेने मी बसले आहे, हे मला जाणवले. म्हणून उलट उत्तर आले तर पुढे काय तपासायचे याचा विचार करू लागले. फारसे काही सुचले नाही.

बाई परत आल्या त्या जिना चढून-उतरून धापा टाकत. दुसऱ्या पिशवीच्या द्रवात साखर होती आणि आम्ल माफक होते. पहिलीत साखर जवळजवळ नव्हतीच. आम्ल यंत्राच्या मोजमापापलीकडे गेले होते. यंत्राने आकडा देण्याचेच नाकारले.

"नासली," बाई म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून, "माफ करा, तुमच्या बहिणीचं ते."

मी म्हटले की शब्द अगदी योग्य आहे.

एवढ्याने पेशी कशाने मेल्या ते कळले. त्यांना मरण्याइतक्या दाटीत का ठेवले, ते कळले नव्हते. दाट पिशवी लांब पाठवायची असेल तर देणाऱ्याच्याच रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पेशींविरहित पिवळसर द्रव, थोडा जास्त काढून तीत मिसळतात. त्याने गर्दी पातळ होते, साखरही मिळते. डॉक्टरीणबाईंनी ज्या दोन दिवस जुन्या पिशव्यांचा हवाला दिला होता त्या सगळ्या अशा पातळ केलेल्या होत्या, हे तंत्रज्ञ बाईंनी सांगितले. त्यांच्या मते हे तिकडच्या लोकांना ठाऊक नसणे शक्य नव्हते. ते या कामात मुरलेले आहेत.

तिकडच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखाशी दुसऱ्या दिवशी बोलणे झाले. आवाजावरून वयस्क, सौम्य गृहस्थ. आपल्याला दोष द्यायला फोन आला आहे असे समजून ते आधी जपून बोलले. मला दोष द्यायचा नव्हता. कारण हवे होते. ते पटल्यावर मोकळे झाले. लांबच्या शहरासाठी ते प्लाझ्मा नेहमी मिसळतात. आमच्या शहरासाठीही मिसळत असत. मग या वेळी का नाही?

कारण आमचे शहर आता लांब राहिलेले नव्हते. त्यांचा नियम उड्डाणाच्या तासांवर बांधलेला होता: पंधरा तासांच्या वर म्हणजे लांब, आत म्हणजे जवळ. विमान दोनदा बदलावे लागे तेव्हा आमचे शहर सव्वीस तासांवर होते. या वर्षी थेट विमान सुरू झाले आणि ते साडेअकरा तासांवर आले. जवळच्या शहरासाठी देणाऱ्याला जास्त वेळ सुयांना बांधून ठेवू नये, आणि आजाऱ्याच्या शिरेत फार द्रव जाऊ नये, म्हणून प्लाझ्मा घेत नाहीत. नियम विचार करून केलेला होता. त्यामागे दयाबुद्धीही होती.

थेट विमान आठवड्यातून किती वेळा सुटते, असे मी विचारले.

ते त्यांना ठाऊक नव्हते. तिकिटे काढणारा विभाग वेगळा होता, दुसऱ्या इमारतीत. ते फोन धरून ठेवायला सांगून विचारायला गेले. परत यायला त्यांना बराच वेळ लागला.

"दोनदा," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "आधीचं बदलून जाणारं रोज सुटत होतं."

त्या जुन्या, सव्वीस तासांच्या वाटेने पहिली पिशवी त्याच रात्री निघाली असती आणि लवकर पोचली असती. शिवाय प्लाझ्मा घालून. हे मी बोलले नाही. रोजच्या विमानाचे ते आपणहून बोलले, त्यावरून हा हिशेब त्यांनीही केला होता हे दिसत होते. पुढच्या वेळी पिशवी आपण स्वतः पातळ करू आणि विमानाच्या दिवशी सकाळीच पेशी काढू, असे त्यांनी सांगितले. मग बारकी कशी आहे, असे विचारले. ती पुन्हा खुर्चीत बसायला तयार नाही, हे मला त्यांना सांगावे लागले.

त्या सकाळी भाऊच्या तपासणीत पांढऱ्या पेशी मोजण्याइतक्याही आल्या नव्हत्या. अंगात ताप होता. डॉक्टरीणबाईंनी फोनवर तेवढेच सांगितले, पुढे काही जोडले नाही. मी तशीच आईकडे गेले आणि बारकीला फोन लावला. आई ओट्याशी उभी होती. पहिली पिशवी कशाने मेली ते सापडले आहे, दाटी आणि लांबलेला वेळ या दोन गोष्टींनी, असे मी थोडक्यात सांगितले. तापाचेही सांगितले, ते लपवून तिचा होकार मिळवायचा नव्हता.

बारकीने मध्येच थांबवले.

"म्हणजे मी कितीही मायेने दिली असती, तरी ती मेलीच असती?"

"हो."

"आणि दुसरी? चिडून दिली असती, तरी जगली असती?"

"जगली असती."

"मग तो बोलला, मी बोलले, त्याचा काहीच उपयोग झाला नाही."

"पेशींना नाही झाला," मी म्हटले.

तिच्या बाजूला कुठेतरी नळ वाहत होता. तो तिने बंद केला. मला वाटले होते तिला सुटल्यासारखे होईल. तिच्या आवाजात तसे काही नव्हते. जड सामान खाली ठेवायला सांगितल्यावर त्यात आपलेही काहीतरी होते हे आठवावे, तशी ती बोलत होती. इंजेक्शने कधीपासून घ्यायची, असे तिने विचारले. उद्यापासून, मी सांगितले. ती घेतली की पेशी हाडांतून रक्तात उतरायला चार दिवस लागतात आणि पाचव्या दिवशी विमान आहे.

आईने ओल्या हातांनी खुर्ची ओढली आणि फोनजवळ बसली. तिला यातले निम्मेच कळले होते, आणि ती आधी जे बोलून गेली त्याचे तिला विस्मरण झाले नव्हते.

"मला कळेल असं सांग," ती म्हणाली. "सावकाश. तिलाही ऐकू दे."

म्हणून मी सावकाश सांगितले. पहिल्या दिवशी बारकीच्या अंगातून फार पेशी निघाल्या आणि लहान पिशवीत त्यांची दाटी झाली. अशी पिशवी लांब जाणार असेल तर तीत प्लाझ्मा घालतात. तिथल्या लोकांनी घातला नाही, कारण लांब की जवळ हे ते विमान हवेत किती तास असते त्यावरून ठरवत, आणि नवे विमान साडेअकरा तासांतच येते. ते विमान रोज नसते, हे त्यांना ठाऊक नव्हते. पेशींचा प्रवास विमान उडाल्यावर नव्हे, सुईतून बाहेर पडल्यावर सुरू झाला. पिशवी आधी दीड दिवस कपाटात थांबली, मग आली. त्या वेळात तीतली साखर संपली, आम्ल साठले, आणि पेशी मेल्या.